बंगल्याची जन्मकथा

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात एका गावी जाण्याचा योग आला. तिथल्या प्राथमिक शाळेतील एका गुरुजींनी नवे घर बांधले होते. गावाच्या थोडे बाहेर, डांबरी सडकेच्या कडेला. चारी बाजूंनी कुंपणाची भिंत, लोखंडी फाटक, आत पुढे मोटारसायकल ठेवण्यापुरती फरशी, मोठी काचेची खिडकी, वर सपाट स्लॅब. फाटकावर घराचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी. गुरुजींनी आयुष्यभराची पुंजी त्यात घातली होती, वर कर्जही काढले होते. मोठ्या उमेदीने ते मला एकेक खोली दाखवीत होते. आणि त्यांची म्हातारी आई? ती दुपारच्या दोन वाजता घराबाहेर, निंबाच्या झाडाखाली बाज टाकून बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "घर चांगलं बांधलं लेकानं. पण ओसरी कुठं ठेवली, तेवढं सापडंना."

म्हातारीचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना. गावातले लोक त्या घराला 'गुरुजींचा बंगला' म्हणतात. आता गंमत पाहा. बंगला म्हणजे मुळात ओसरीचेच घर. ज्या घराचा जन्म सावलीसाठी झाला, त्याच घरातून सावली हद्दपार कशी झाली, हे कळायचे असेल तर आपल्याला साडेतीनशे वर्षे मागे आणि सात समुद्रांपलीकडे जावे लागेल. चला तर मग.

'बंगला' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे साहेबाचे किंवा श्रीमंताचे घर येते. पण या शब्दाचा सरळ अर्थ आहे, 'बंगालचे'. बंगालच्या शेतकऱ्याची झोपडी, तो मूळ बंगला. बंगाल म्हणजे नद्यांचा मुलूख. पाऊस मुबलक, जमीन सखल, दगड दुर्मिळ आणि बांबू हवा तेवढा. तिथला शेतकरी आधी तळे खणायचा. त्या मातीचा उंच ओटा करायचा आणि त्या ओट्यावर झोपडी उभारायचा. एका खोदकामात पाणीही मिळाले आणि पुराच्या पाण्यापासून सुरक्षित जोतेही मिळाले! छप्पर गवताचे किंवा पेंढ्याचे. बांबू वाकतो, हे आपण जाणतोच. तो वाकवून छपराचे आढे मधोमध उंच आणि दोन्ही टोकांना खाली उतरलेले असे कमानदार करायचे. पावसाचे पाणी त्यावरून क्षणभरही न थांबता निथळून जायचे. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर चांगली पुढे आलेली, म्हणजे मातीची भिंत ना भिजायची ना तापायची.

या साध्या झोपडीचा आकार इतका देखणा की राजेलोकांनाही त्याचा मोह पडला. बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे मल्ल राजा रघुनाथ सिंह याने १६५५ साली एक देऊळ बांधले. त्याचे नावच 'जोडबंगला'. दोन झोपड्या शेजारीशेजारी ठेवाव्यात तसा त्याचा आकार. फरक एवढाच की बांबूऐवजी भाजलेल्या विटा आणि मातीच्या कोरीव फरश्या वापरल्या. शहाजहान बादशहाने आग्र्याच्या आणि लाहोरच्या किल्ल्यांत हीच वाकलेली बंगाली छपरे उत्तम रीतीने बांधून घेतली. लाहोरचा नौलखा मंडप तर संगमरवरी! बांबूला वाकणे भाग होते म्हणून तो आकार आला. संगमरवराला तसली काही सक्ती नव्हती, तरी त्याला तो घ्यावासा वाटला. शेतकऱ्याच्या कारागिरीला याहून मोठा मान कोणता?

पुढे इंग्रज व्यापारी आले. ईस्ट इंडिया कंपनीचे एक अधिकारी स्ट्रेनशॅम मास्टर यांच्या १६७६ सालच्या रोजनिशीत हुगळीच्या वखारीचा मजकूर आहे. जहाजांवर काम करणाऱ्या इंग्रज नोकरांसाठी तिथे बंगले उभारावेत, असा उल्लेख त्यात येतो. लक्षात घ्या, हे बंगले बड्या साहेबांसाठी नव्हते, खलाशांसाठी होते. तात्पुरता, स्वस्त निवारा एवढीच त्यांची किंमत होती.

पण बंगालच्या उन्हाळ्याने साहेबांना शहाणे केले. त्यांच्या मायदेशातील घरे थंडीसाठी बांधलेली असतात. ऊन आत यावे, ऊब आत राहावी, अशी त्यांची रचना. इथे गरज नेमकी उलटी. म्हणून त्यांनी झोपडी घेतली आणि तिला आपल्या सोयीने वाढवली. मध्यभागी उंच दिवाणखाना, त्याच्या दोन्ही अंगांना निजण्याच्या खोल्या, आणि चहूबाजूंनी रुंद व्हरांडा. छप्पर एकच, पण ते व्हरांड्यावरूनही खाली उतरलेले. त्यामुळे खोल्यांच्या भिंतींवर ऊन पडतच नसे. समोरासमोर दारे ठेवल्याने वारा या टोकाकडून त्या टोकाकडे वाहायचा. जोते उंच, म्हणून ओल नाही, विंचूकाट्याचे भय कमी. धूर आणि उष्णता नको म्हणून स्वयंपाकघर वेगळे, मागच्या बाजूला. आजूबाजूला मोठे आवार.

आपल्याकडेही हे घर लवकरच आले. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्याच्या व खडकीच्या छावण्यांत असे बंगले उभे राहिले. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८-२९ साली महाबळेश्वरचे हवा खाण्याचे ठाणे वसले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान पाहिले. या दोन्ही डोंगरांवर झाडीत बंगले बांधले गेले. आणि खेड्यापाड्यांत? तिथे डाकबंगला आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. रस्त्याकडेला, वडा-पिंपळाच्या सावलीत, उंच जोत्याचा, कौलारू छपराचा, पुढे लांब व्हरांडा आणि त्यात एक जुनी आरामखुर्ची.

इथपर्यंत ऐकले म्हणजे वाटते की, वा, फार शहाणपणाचे घर! हवेच्या बाबतीत ते शहाणपणाचे होतेच. पण घराचा नकाशा नुसता हवा-पाण्याचा नसतो. माणसांनी एकमेकांशी कसे वागायचे, हेही त्यात आखलेले असते. बंगल्यात उकाड्याच्या रात्री साहेब झोपत असे तेव्हा छताला टांगलेला पंखा बाहेर बसून कोणीतरी दोरीने ओढत असे. नोकरांच्या खोल्या आवाराच्या अगदी मागच्या टोकाला. प्रत्येक निजण्याच्या खोलीला जोडून न्हाणीघर, आणि त्या न्हाणीघराला बाहेरून एक वेगळे दार. ते दार कशासाठी? मैला उचलणाऱ्या माणसाने घरात पाऊल न टाकता, कोणाच्या दृष्टीस न पडता, आपले काम करून निघून जावे यासाठी. ज्याच्यावाचून घर एक दिवस चालणार नाही, तो दिसू नये अशी ती योजना. आपल्या वाड्यांतही मागच्या बोळात हेच होते, हे आपण विसरू नये. साहेबाला हा धडा आपण दिला की त्याने आपल्याला, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांचे चांगले पटले, एवढे खरे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा देशात १९९३ साली झाला. म्हणजे ते मागचे दार कायद्याने बंद व्हायला किती काळ लागला, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता बंगला समुद्र ओलांडतो. १८६९-७०च्या सुमारास इंग्लंडमधील केंट परगण्यात, वेस्टगेट आणि मग बर्चिंग्टन या समुद्रकाठच्या गावी, जॉन टेलर नावाच्या वास्तुशिल्पकाराने बंगले बांधले. लंडनच्या धुराला आणि गर्दीला कंटाळलेल्या सुखवस्तू लोकांनी रेल्वेने यावे, चार दिवस मोकळ्या हवेत राहावे, अशी ती कल्पना. कवी आणि चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेट्टी आजारपणात अशाच एका बंगल्यात येऊन राहिला आणि तिथेच १८८२ साली वारला. बंगालच्या शेतकऱ्याचा शब्द असा विलायती कवीच्या अखेरच्या मुक्कामाला लागला!

तिथून तो अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियाची हवा उबदार, म्हणून तिथे तो विशेष रमला. पॅसाडीना गावी चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या बंधूंनी १९०८ साली गॅम्बल कुटुंबासाठी बांधायला घेतलेले लाकडी घर प्रसिद्ध आहे. लांबवर पुढे आलेल्या वळचणी आणि उघड्यावर निजण्याच्या पडव्या त्यात आहेत. हे झाले धनिकाचे घर. पण त्याच १९०८ साली सीअर्स रोबक या व्यापारी कंपनीने टपालाने घरे विकण्यास प्रारंभ केला. हो, टपालानेच! सूचिपत्रात चित्र पाहायचे, पैसे पाठवायचे, की काही दिवसांनी रेल्वेच्या वाघिणीतून तुळया, फळ्या, खिडक्या, खिळे, रंग असा सारा माल यायचा. पुढे पुढे तर लाकूड मापात कापून, क्रमांक घालून येई. तो क्रमाने जोडायचा की झाले घर. १९४०पर्यंत अशी सुमारे ७० हजार घरे विकली गेली, असे मानतात. त्यांत छोटे बंगले फार लोकप्रिय होते. साहेबाचा बंगला आता कारकुनाच्या आणि कामगाराच्या आवाक्यात आला.

यापुढचा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण आज आपल्या सडकांच्या कडेला जी घरे दिसतात त्यांची नाळ तिथे जोडलेली आहे. दुसरे महायुद्ध संपले. लाखो सैनिक घरी परतले, लग्ने झाली, पण राहायला घर नाही. सरकारने १९४४ साली कायदा करून त्यांना स्वस्त कर्जाची हमी दिली होती. तेव्हा लेव्हिट आणि त्याची मुले यांच्या कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेते विकत घेतली आणि १९४७ पासून तिथे घरे बांधायला घेतली. कारखान्यात मोटारी बनवतात, त्याच रीतीने. फरक इतकाच की मोटार पट्ट्यावरून पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकत. सारे काम २६-२७ टप्प्यांत वाटलेले. एक टोळी नुसता पाया ओतणार, दुसरी नुसती चौकट उभी करणार, आणखी एक केवळ रंग देणार. ६० फूट रुंद, १०० फूट लांब भूखंड. त्यावर ७५० चौरस फुटांचे घर. तळघर नाही, जमिनीवर सरळ काँक्रीटचा थर. थंडीसाठी त्या थरातूनच गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. वर माळा, संसार वाढला की तो मालकाने पुरा करायचा. १९५१पर्यंत अशी सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. वसाहतीचे नाव लेव्हिटाउन.

ज्याच्यापाशी काही नव्हते अशा तरुण जोडप्याला स्वतःचे घर आणि अंगण मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण इथेही पुन्हा ते मागचे दार आहेच. किंबहुना इथे दारच नव्हते. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारनाम्यात एक कलम होते. गोऱ्यांखेरीज इतर वंशाच्या माणसाला, नोकर म्हणून सोडून, इथे राहता येणार नाही! त्याच युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकालाही नाही. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असली बंधने न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. तरी व्यवहार बदलेना. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये मायर्स नावाचे काळे कुटुंब राहायला आले, तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. ते कुटुंब हटले नाही. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९६८ साली झाला.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती, पण मुंबईकराला शहराबाहेर राहायला लावले ते प्लेगने. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. कोंदट चाळींत, काळोख्या खोल्यांत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते काढणे, मोकळ्या जागेत नवी वस्ती वसवणे, हे त्याचे काम. त्यातून दादर-माटुंग्याची आखणी झाली. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली. घर बांधायला एकट्याचे बळ पुरत नसेल तर दहाजणांनी एकत्र यावे, हा धडा तिने घालून दिला.

याच दादरच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले 'राजगृह' बांधले. आपल्या अफाट ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी, हा त्यामागचा मोठा हेतू. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्या समाजातल्या माणसाने नव्या उपनगरात भरवस्तीत स्वतःचे घर बांधले आणि त्याचा आराखडा पुस्तकांभोवती ठरवला. बंगल्याच्या आणि उपनगराच्या साऱ्या इतिहासात मला हे घर फार मोलाचे वाटते. ज्याला मागच्या दाराने यायला लावले होते, तो इथे पुढच्या दाराने आला.

पुण्यातही डेक्कन जिमखान्याच्या बाजूला बंगल्यांची वस्ती वाढली. १९६१च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील घरे वाहून गेली, तेव्हा तर जुन्या गावाबाहेर नव्या वसाहती करणे भागच पडले. वाड्याचा चौक, सोपा, माजघर, परसू हे मागे पडले. दिवाणखान्याचा 'हॉल' झाला. चार बिऱ्हाडांचा वाडा सोडून माणूस चार भिंतींच्या आवारात आला. सुनांना थोडा मोकळा श्वास मिळाला, मुलांना अभ्यासाला खोली मिळाली, हे चांगलेच झाले. वाड्याचे नुसते गोडवे गाणाऱ्याने एकदा त्या अंधाऱ्या माजघरात दिवसभर राहून पाहावे.

मग ओसरी गेली कुठे? त्याला कारण सिमेंट. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे ते देशभर पसरले. लोखंडी सळया घालून ओतलेला स्लॅब मजबूत असतो, गळत नाही, दरवर्षी शाकारणी नको, वर आणखी मजला चढवता येतो. या गुणांमुळे लोकांनी तो उचलला, यात नवल नाही. पण तोटाही समजून घ्या. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच ऊन खाली ओततो. 'रात्री घर जास्त तापतं' असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच. सपाट छप्पर वाईट असे मुळीच नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे धाब्याची, माळवदाची घरे सपाटच असतात. पण त्यांवर लाकूडफाट्यावर मातीचा जाड थर असतो. तो ऊन खाली उतरू देत नाही. कौलारू घराचे म्हणाल, तर १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि ती 'मंगलोरी कौले' आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबला ती वाट नाही.

इथे गुरुजींसाठी एक छोटा प्रयोग सांगतो. आपल्या अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ उभी रोवा. मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी तिची सावलीच नाहीशी होते. कोल्हापूरकडे तो दिवस साधारण ६-७ मे, पुण्याकडे १३-१४ मे, नागपूरकडे २६ मेच्या सुमारास. पुण्याकडे वेळ साडेबाराच्या आसपासची. शाळेला सुट्टी असली तरी वाडीतली चार पोरे गोळा करा आणि दाखवा. सूर्य नेमका डोक्यावर असतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त मारा छपरावर होतो. मग दुपारी तीननंतर पाहा. सूर्य खाली उतरतो आणि ऊन पश्चिमेच्या भिंतीवर सरळ येते. ते तिरपे असल्यामुळे खिडकीवरचा दीड फुटाचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथे हवी पडवी, नाहीतर झाड. एका काठीने पोरांना घर बांधण्याचे निम्मे शास्त्र कळेल.

आता आपल्या बंगल्यात आपण काय केले? चित्रात आणि सिनेमात दिसणारा आकार घेतला, पश्चिमेला मोठी काच लावली, व्हरांड्याची जागा खोलीत घेतली आणि छपरावरचे गवत काढून उघडा स्लॅब ओतला. ते चित्र थंड मुलखातले होते, हे कोणी सांगितले नाही. बंगाली शेतकऱ्याचे नाव तेवढे ठेवले आणि त्याची अक्कल मात्र टाकून दिली.

हे सुधारता येते बरं का. लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुशिल्पकार १९४५ साली भारतात आले आणि इथलेच झाले. केरळात त्यांनी गरिबांची, मध्यमवर्गीयांची कितीतरी घरे बांधली. २००७ साली ते वारले. गावातला जुना गवंडी हाच माझा गुरू, अशी त्यांची वृत्ती. विटा उभ्या ठेवून भिंतीत मधे पोकळी सोडायची त्यांची रीत होती. विटा सुमारे चौथाईने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत तापत नाही. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचे फारसे काम नसते, म्हणून तिथे ते जुनी मंगलोरी कौले बसवीत. सिमेंट वाचे आणि उष्णताही अडे. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, हे मात्र ध्यानात ठेवा.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. उन्हाळ्याच्या तोंडी स्लॅबला दाट पांढरा चुना द्या, ऊन परतून लावले जाते. पश्चिमेला मांडव घालून वेल चढवा, किंवा झाड लावा. आणि ज्यांचे घर अजून कागदावर आहे त्यांनी नकाशा करणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचारावेत. दुपारचे ऊन कुठून येणार? वारा कुठून शिरून कुठून जाणार? आणि घरी आलेला माणूस, मग तो पाहुणा असो, मजूर असो, की वाटसरू, तो बसणार कुठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्र देईल. तिसऱ्याचे उत्तर आपल्या मनाला द्यावे लागेल. ओसरीवर सगळ्यांनाच बसू दिले जात होते असे नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच नव्या घराला ओसरी ठेवायची, तर ती सर्वांसाठी ठेवावी.

परतताना मी गुरुजींशी हे सारे बोललो. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. फाटकातून आत आल्यावर पश्चिमेच्या अंगाने त्यांनी दहा फुटांची कौलारू पडवी काढली होती, आणि जुन्या घराची निघालेली कौलेच तिला वापरली होती. खर्च फार आला नाही, असे त्यांनी लिहिले होते. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "आईची बाज आत आली."